रेघेवरची लव

"काका, हा आवाज कुठून येतोय?" सुशांतने कानांवरचे हेडफोन काढून विचारलं.

"कोणता आवाज?"

"बारीक आहे. शीऽऽ असा."

गोपीनाथने मान वाकडी केली, डोळे बारीक केले. ऐकण्यासाठी डोळे बारीक करणारा माणूस सुशांतने पहिल्यांदाच पाहिला असेल. "भूं म्हणत असशील तर तो मी काल काढला. अर्थिंगचं लफडं होतं यार. मागे खड्डा केला, कोळसा-मीठ टाकलं, तांब्याची पट्टी पुरून दिली. आता एकदम शांत."

"भूं नाही काका. शीऽऽ."

"ते नाही भिया आपल्या नशिबात," गोपीनाथ हसला. "तूच ऐक आणि मला सांग, काय खोलायचं ते."

गोपीनाथ निगुडकरने अठ्ठावीस वर्षं इंदूरच्या एका कापड मिलच्या विणाई खात्यात मागांचा फिटर म्हणून काढली होती. एका छताखाली चारशे माग, आणि प्रत्येक मागात धोटा या टोकापासून त्या टोकापर्यंत धडाधड धावतोय. त्या कल्लोळात माणसाचा आवाज हातभर लांबही पोचत नसे. म्हणून तिथली माणसं ओठ बघून बोलत आणि हातांनी खुणा करत. तळहात उभा धरला की माग थांबव, चिमटीने हवेत पीळ दिला की तुटलेला धागा जोडला, चालू दे. खात्यात अशी पंधरा-वीस वर्षं गेली की कानाचे बारीक आवाज एकेक करून निघून जायचे. ते गेले हे कुणाला कळायचंही नाही, कारण गेलेला आवाज सांगून थोडाच जातो? गोपीनाथ तर शपथेवर सांगायचा, की त्याला सगळं ऐकू येतं. समोरच्याचं तोंड दिसलं की त्याला खरंच सगळं ऐकू यायचं.

मिल बंद पडली त्याला नऊ वर्षं झाली होती. गोपीनाथ नंदानगरात घरी बसून पंखे आणि कूलरच्या मोटारी भरून द्यायचा. आणि आता, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, हा गृहस्थ कूलर ठेवायच्या खोलीत गाण्याचा स्टुडिओ बांधायला निघाला होता! गल्लीत ज्याने त्याने विचारून घेतलं, की निगुडकरजी, तब्येत बरी आहे ना?

तब्येत त्याची बरी होती. बरी नव्हती सुमनची.

सुमनच्या गळ्यात गाठ आली होती. डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरून सांगितलं, "गाठ काढावीच लागेल. पण ती आवाजाच्या नसेला चिकटून बसली आहे. जिवाला धोका नाही. आवाजाची मात्र गॅरंटी देऊ शकत नाही."

सुमन पदर सावरत म्हणाली, "आवाज गेला तर यांचीच सुटका होईल, डॉक्टर. घरात मीच बोलते." आणि बाहेर आल्यावर रिक्षात बसून सबंध रस्ताभर रडली.

आता ही सुमन काही रेडिओवरची गायिका नव्हती. पण वर्षातून एकदा, अनंत चतुर्दशीला, ती गायची. इंदूरच्या मिलमजुरांची एक रीत आहे. अनंत चतुर्दशीला प्रत्येक मिलची झांकी निघते, दिव्यांनी उजळलेले, हलत्या चित्रांचे मोठमोठे देखावे. मिलचे भोंगे बंद झाले, फाटकांना गंज चढला, पण मजुरांनी झांक्या बंद पडू दिल्या नाहीत. वर्गणी करतील, उसनवारी करतील, पण झांकी निघणार म्हणजे निघणार. गोपीनाथच्या मिलची झांकी फाटकातून हलायच्या आधी नारळ फुटायचा, गोपीनाथ हार्मोनियमवर सूर द्यायचा आणि सुमन एक पद म्हणायची. मिलच्या टाइमकीपरने, अप्पासाहेबांनी, ते रचलं होतं. "धागा तुझा, धोटा माझा, विणून घे रे मोरया." अप्पासाहेब जाऊन बरीच वर्षं झाली. शब्द पुष्कळांना पाठ होते, पण त्या चालीतल्या हरकती फक्त सुमनच्या गळ्यात राहिल्या होत्या. ते पद कुणी कधी टेप करून ठेवलं नव्हतं. बाई दर वर्षी समोर उभी राहतेच आहे, तर टेप कशाला, असं सगळ्यांना वाटायचं.

"ऑपरेशनच्या आधी टेप करून घेऊ," गोपीनाथ म्हणाला होता. तेवढंच. एक साधा टेपरेकॉर्डर समोर ठेवला असता तर काम भागलं असतं. पण वरच्या खोलीत भाड्याने राहणारा सुशांत मध्ये पडला. तो पुण्याकडचा, पीथमपूरच्या एका नव्या परदेशी कंपनीत इंजिनिअर. म्हणाला, "काका, टेपचा आवाज दोन-चार वर्षांत विरतो. कॉम्प्युटरवर घ्या. कायमचं राहील."

कायमचं हा शब्द गोपीनाथच्या डोक्यात जाऊन बसला. गाठीचं त्याला काही करता येत नव्हतं. खोलीचं करता येत होतं. म्हणून तो पछाडल्यासारखा खोलीच्या मागे लागला.

सुशांतच्या कंपनीने टाकून दिलेला कॉम्प्युटर आला. मिलच्या गणेशोत्सव मंडळाचं मिक्सर आलं, सहा माइक जोडता येणारं, बटणं हरवलेलं. गोपीनाथने बटणांच्या जागी मागाचे लाकडी गट्टू कोरून बसवले. माइकचा स्टँड केला मागाच्या जुन्या दांड्याचा. भिंतींवरून आवाज परत फिरू नये म्हणून सुशांतने अंड्यांचे ट्रे लावायला सांगितले, तेव्हा सुमनने कपाळावर हात मारला.

"गणपतीचं पद अंड्यांच्या ट्रेमध्ये उभी राहून म्हणू? तुम्हा दोघांची अक्कल काय चरायला गेली?"

मग ट्रे गेले. ट्रंकेतून मिलच्या लट्ठ्याचे, जाड सुती कापडाचे, जुने ताके निघाले, कापूस भरून त्यांच्या गोधड्या शिवल्या गेल्या आणि चारही भिंतींना खिळ्यांनी ठोकल्या. सुमननेच शिवल्या. शिवताना म्हणाली, "तुमच्या मिलने जाता जाता एवढं तरी कामाचं दिलं म्हणायचं."

इथवर गोपीनाथ राजा होता. वायर, डाग, अर्थिंग, खटका, हे सगळं त्याच्या हातचं. पण कॉम्प्युटर चालू झाला की त्याचा पार गोंधळ उडायचा.

"गाणं आत गेलं ना? मग आता आहे कुठे?"

"हार्ड डिस्कमध्ये, काका."

गोपीनाथने पेचकस आणून डबा उघडला. आत एक बंद पत्र्याची चौकोनी डबी. "यात? पण काही फिरताना दिसत नाही."

"फिरतंय. आतून."

"आणि तुटलं तर कळणार कसं? मागाचा धागा तुटला की माग थांबतो. हा तर थांबत पण नाही. एकसारखा हो हो करतो."

सुशांतने सांगितलं की हार्मोनियम वेगळी घ्यायची आणि गळा वेगळा. आधी काका एकटे वाजवणार, मग काकू हेडफोनमध्ये ते ऐकत एकट्या गाणार, मग मशीन दोन्ही एकत्र करणार. सुमनला हे मुळीच पटलं नाही. "यांनी वाजवलेलं यांच्याशिवाय ऐकायचं? मग मी बघू कुणाकडे?"

पण गोपीनाथला हे एकदम उमगलं. "आधी ताणा, मग बाणा. बरोबर तर बोलतोय तो! उभे धागे आधी चढवतो ना आपण?" सगळ्या कोड्यात तेवढी एक गोष्ट त्याला आपल्या खात्यातली वाटली.

आणि नेमकं आयत्या वेळी कंपनीने सुशांतला तीन आठवड्यांसाठी चेन्नईला धाडलं. जाताना त्याने एका वहीत अकरा पायऱ्या लिहून दिल्या. पहिली, पंखा बंद. पाचवी, गाण्याआधी दहा सेकंद शांतता घ्या. नववी, ती शांतता निवडून मशीनला दाखवा, म्हणजे खोलीतली घाण कोणती हे त्याला कळेल, मग ते तेवढीच घाण सगळ्या गाण्यातून काढून टाकेल.

"नवव्यात घाबरू नका काका," सुशांत रिक्षात बसता बसता म्हणाला. "जिथे काकूंचा आवाज नाही असा तुकडा निवडायचा. बस."

दवाखान्यात जायच्या दोन दिवस आधी, दुपारी, सुमन ठेवणीतली हिरवी साडी नेसून खोलीत आली. साडी कशाला, असं गोपीनाथने विचारलं नाही. हार्मोनियम सकाळीच भरून झाली होती. पंखा बंद केल्यावर गोधड्यांच्या त्या खोलीत जीव गुदमरत होता. त्याने तिच्या कानांवर हेडफोन चढवले आणि वही उघडली.

"ऐक. आधी दहा सेकंद शांतता पाहिजे. काही बोलायचं नाही, हलायचं नाही. मी हात खाली केला की सुरू."

"बोलत कुठे आहे मी?"

"आता बोलतेसच ना!"

त्याने बटण दाबलं आणि हात वर धरला. सुमनने डोळे मिटले. गोपीनाथ तिच्या ओठांकडे बघत होता. ओठ घट्ट मिटलेले होते. अठ्ठावीस वर्षांच्या सवयीने त्याच्या लेखी याचा एकच अर्थ होता, की माणूस गप्प आहे. एक, दोन, तीन, दहा. त्याने हात खाली केला आणि सुमन गायला लागली.

ती कशी गायली हे त्याला विचाराल तर तो सांगेल की एक शब्द हलला नाही. 'धागा'वर ओठ उघडले, 'मोरया'वर मिटले आणि पुन्हा फुलले. दुसऱ्या कडव्याला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिचे ओठ दिसेनासे झाले, तेव्हा तो घाबरून शर्टाच्या बाहीने डोळे पुसत बसला. गाणं संपल्यावर ती म्हणाली, "झालं? आलं ना सगळं?"

"सगळं."

"मला ऐकवू नका हं. ऐकलं तर रडीन, आणि डॉक्टरांनी घसा शांत ठेवायला सांगितलाय."

दुसऱ्या दिवशी ती खजरान्याच्या गणपतीला जाऊन आली, पिशवी भरू लागली, आणि गोपीनाथ नवव्या पायरीला लागला. पडद्यावर सुमनचा आवाज हिरव्या रेघेसारखा पसरला होता. सुरुवातीच्या दहा सेकंदांत रेघ जवळजवळ सरळ होती, पण पार सरळ नव्हती. त्याने चष्मा पुसून पाहिलं. रेघेवर बारीक लव होती, ताज्या कापडावर असते तशी. त्याने हेडफोन लावून तो तुकडा ऐकला. काही नाही. अगदी सामसूम. दिसतंय पण ऐकू येत नाही, म्हणजे हीच ती घाण, असं त्याने ठरवलं. कापडावरची लव ब्रश फिरवून काढतात हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

त्याने तुकडा मशीनला दाखवला, मग सगळं गाणं निवडलं आणि वहीत लिहिलेलं बटण दाबलं. निळी पट्टी सरकत सरकत भरली.

मग दोन्ही एकत्र करून ऐकलं. हार्मोनियम ठणठणीत. सुमन मात्र लांब गेल्यासारखी वाटली. त्याने आवाज वाढवला. हार्मोनियम वाढली. पुन्हा ऐकलं, पुन्हा तेच. तो बावचळला. मशीन चुकतंय, की वही, की आपणच? आणि मग त्याला कान आठवले. तोंड दिसत नाही ना, म्हणून आपल्याला ऐकू येत नाही, दुसरं काय! तिला बोलवावं तर ती ऐकणार नाही म्हणालेली. शेजारच्या कुणाला बोलवावं तर, भिया, जरा सांग, माझ्या बायकोचा आवाज येतोय का, असं विचारायचं? त्याला लाज वाटली. खरं सांगायचं तर एवढी एक लाज बाजूला ठेवली असती तर पुढचं टळलं असतं.

मशीनने इंग्रजीत काहीतरी विचारलं. जुनं पुसून हे ठेवू का, असंच काहीसं असणार. सुशांतने शिकवलेलं होतं, विचारलं की यस म्हणायचं. गोपीनाथ यस म्हणाला.

ऑपरेशन नीट झालं. गाठ निघाली. तिच्याबरोबर नसही गेली. आठवड्याने सुमन घरी आली ती गळ्याला पट्टी बांधून, आणि बोलायला गेली की नुसती हवा यायची. पहिल्या दिवशी तिने चहात साखर कमी आहे हे तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा गोपीनाथने उठून साखर आणली. शेजारणींना काही कळत नव्हतं, त्या पाटी-पेन्सिल आणून देत होत्या. गोपीनाथला पाटी लागलीच नाही. ती बोलत होती, तो बघत होता. सगळं पूर्वीसारखंच चाललं होतं, आणि हे जाणवून त्याचं त्यालाच कसंतरी झालं.

गणपती बसले त्याच्या तिसऱ्या दिवशी सुशांत परतला. बॅग खाली ठेवून थेट स्टुडिओत शिरला. "काका, झांकीसाठी सीडी करून देतो. ऐकू द्या."

त्याने हेडफोन लावले. गोपीनाथ त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. चेहरा आधी हसरा होता. मग कपाळाला आठी पडली. मग त्याने हेडफोन कानांवर दाबून धरले.

"काका," तो हळूच म्हणाला, "काकू कुठे आहेत यात?"

"म्हणजे?"

"म्हणजे मधूनमधून पाण्यात बुडाल्यासारखं काहीतरी येतंय. पण आवाज... आवाज नाहीये. तुम्ही शांततेचा तुकडा कोणता घेतलात?"

"पहिले दहा सेकंद. वहीत लिहिलंय तेच. ती गप्प उभी होती, मी बघत होतो ना! ओठसुद्धा हलले नाहीत."

"काही तरी होतं त्यात. त्याच सुरांचं काही तरी. मशीनने काकूंचा आवाजच घाण समजून काढला. मूळ फाइल?"

"यस म्हणालो मी," गोपीनाथ म्हणाला. "त्याने विचारलं, आणि मी यस म्हणालो."

दारात सुमन उभी होती. किती वेळ, कोण जाणे. तिने गोपीनाथला हाताने आपल्याकडे वळवलं आणि ओठ हलवले. सुशांतला काही कळेना. "काय म्हणताहेत?"

गोपीनाथ तिच्या ओठांवरून सांगू लागला. "म्हणतेय, मी गुणगुणते. गाण्याच्या आधी. तोंड मिटून सगळी चाल एकदा फिरवून घेते. नेहमीच."

सुमनचे ओठ पुन्हा हलले, या वेळी अगदी सावकाश, जणू तिला उत्तर ठाऊक होतं.

तुम्हाला ऐकू नाही यायचं?

"नाही."

कधीच नाही? स्वयंपाक करताना? तुम्ही जवळ बसलेले असायचे.

"मला वाटायचं, तू गप्प आहेस," गोपीनाथ म्हणाला. "तोंड मिटलेलं असायचं ना."

सुमन खाली बसली. एकतीस वर्षं ती या माणसाजवळ बसून गुणगुणत होती, आणि तो ऐकतोय असं समजून होती. रागवावं की हसावं हेच तिला कळेना. शेवटी तिने त्याचा कान पकडला, मुलांचा पकडतात तसा, आणि कितीतरी वेळ सोडला नाही. गोपीनाथ रडत होता. सुशांत वहीची पानं उगाच चाळत राहिला.

अनंत चतुर्दशीला दिवेलागणीच्या सुमारास मिलच्या फाटकासमोर झांकी सजून उभी होती. गंजलेल्या फाटकावर झेंडूची माळ. जुने कामगार एकेक करून आले होते, कुणी काठी टेकत, कुणी नातवाच्या स्कूटरवर. शंकरराव, विणाई खात्याचे म्हातारे जॉबर, म्हणजे मुकादम, पुढे येऊन ओरडले. बहिरी माणसं ओरडूनच बोलतात. "गोप्या! सीडी आणलीस?"

"नाही आणली. बिघडली. माझ्या हाताने बिघडली."

"मग पद?"

गोपीनाथने हार्मोनियम काढली, फाटकाच्या पायरीवर मांडली आणि बसला. तो एकटाच वाजवणार होता, असंच घरून ठरवून निघालेला. पण सुमन हिरवी साडी नेसून आली होती. गळ्याला रुमाल बांधलेला. ती येऊन आपल्या जागेवर, फाटकाच्या उजव्या खांबापाशी, दर वर्षी उभी राहायची तिथेच उभी राहिली. नारळ फुटला. गोपीनाथने सूर दिला.

सुमनने तोंड उघडलं.

सुशांत लगबगीने माइक पुढे सरकवायला धावला, तेव्हा शंकररावांनी तळहात उभा धरला. तो होता तिथेच थांबला. त्याने भवताली पाहिलं. त्याला नुसती हार्मोनियम ऐकू येत होती आणि मागच्या रस्त्यावरचे ढोल. पण समोरची दीड-दोनशे म्हातारी माणसं सुमनच्या तोंडाकडे एकटक बघत होती, आणि माना डोलावत होती. कुणी उशिरा नाही, कुणी आधी नाही. 'विणून घे रे मोरया' आलं तेव्हा सगळ्यांनी एकदमच 'मोरया' म्हटलं, बेसूर, खड्या, बहिऱ्या आवाजांत.

पद संपलं. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. शंकररावांनी हात वर केला आणि चिमटीने हवेत पीळ दिला. मग त्यांच्या मागच्याने दिला. मग त्याच्याही मागच्याने.

काय म्हणताहेत, सुमनने ओठांनी विचारलं.

"जोडला म्हणताहेत," गोपीनाथ म्हणाला. "पण दुसरं कडवं तू घाईत घेतलंस."

तुमचा भाता कमी पडला.

"बरं, बरं."

झांकीचे दिवे लागले. ट्रक घरघरू लागला, माणसं बाजूला सरली. सुमन खांबाला टेकून उभी राहिली. तिने डोळे मिटले होते, आणि ओठही. गोपीनाथ हार्मोनियम बंद करत होता, तो थांबला. तिच्या मिटलेल्या ओठांकडे बघत राहिला.

"सुमन," त्याने विचारलं, "आता गुणगुणते आहेस का?"

तिने डोळे न उघडता मान हलवली. हो.

गोपीनाथने भाता पुन्हा उघडला आणि तिला सूर दिला.